रायटर काकांचा जबाब

आमच्या कॉलनीत लेखक म्हणता येईल असा एकच माणूस होता, आणि त्याचं सगळं लिखाण दुसऱ्यांच्या सहीचं होतं. रायटर काका पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीचा बहुतेक काळ ते निरनिराळ्या ठाण्यांमध्ये लेखनिक होते. कुणाचा मोबाईल चोरीला गेला, कुणाची म्हैस, कुणाच्या गळ्यातली पोत, की तो माणूस यांच्या टेबलासमोर येऊन बसायचा, आणि काका त्याची फिर्याद लिहून घ्यायचे. खात्यात हे काम करणाऱ्याला 'रायटर' म्हणतात. काकांनी मात्र तो शब्द मनापासून घेतला होता. "मी लिहिणारा माणूस हाय," असं ते गॅसच्या टाक्या देणाऱ्यालाही ऐकवायचे.

बोलताना ते कळवणकडच्या आपल्या गावचे असायचे, सगळं 'लय' आणि 'नाय'. हातात पेन आलं की मात्र त्यांच्यात वेगळाच माणूस शिरायचा. हा माणूस 'सदर' आणि 'नमूद' यांच्याशिवाय पुढे जायचाच नाही. एकदा कॉलनीची पाण्याची लाईन फुटली. महापालिकेला अर्ज कुणी लिहायचा हा प्रश्नच नव्हता. काकांनी लिहिलं की, अज्ञात कारणाने फुटलेल्या सदर पाईपमधून पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे पसार झाले असून त्याचा आजूबाजूस शोध घेतला असता ते मिळून आले नाही. त्या अर्जाचा अर्थ तिथे कुणाला काय लागला कोण जाणे, पण इंजिनिअर दुसऱ्याच दिवशी धावत आला आणि आल्या आल्या कुणाला लागलंबिगलं तर नाही ना, असं विचारू लागला. काका दारात उभे राहून म्हणाले, "भाषेत वजन पाहिजे."

पूर्णविरामाशी त्यांचं वैर होतं. तीन पानांची फिर्याद ते एका वाक्यात बसवायचे. याचं कारणही त्यांच्याकडे होतं: "वाक्य संपलं की वकील त्याच्यात बोट घालतो. संपवायचंच नाय."

माणसांकडे बघायची त्यांची पद्धतही तशीच. शेजारच्या जोशी काकूंच्या मुलीसाठी स्थळ आलं, तेव्हा चार मोठी माणसं बरोबर असावीत म्हणून यांनाही नेलं. परत आल्यावर घरच्यांनी विचारलं, मुलगा कसा वाटला? काका म्हणाले, "वय अंदाजे अठ्ठावीस, रंग निमगोरा, बांधा मध्यम, मिशी राखलेली. विचारपूस केली असता उडवाउडवीची उत्तरं दिली." मुलगा बिचारा लाजाळू होता. पण 'उडवाउडवी' हा शब्द एकदा घरात शिरल्यावर त्या लग्नाचं काही खरं नव्हतं.

गंमत म्हणजे गुन्ह्यांच्या इतक्या जवळ आयुष्य काढूनही काकांनी कधी कुणाला पकडलं नव्हतं. ते स्वतःच सांगायचे, "मी चोर पाह्यले ते बसलेले. पळणारा चोर आपण काय पाह्यला नाय." तरी आमच्या भागात गुन्हेगारी या विषयातले जाणकार म्हणजे तेच. म्हणूनच माझ्या प्रवेशाचं प्रकरण त्यांच्याकडे गेलं.

मी गंगापूर रोडच्या एका कॉलेजातून समाजशास्त्र घेऊन बीए केलं होतं. पुढे मला गुन्हेगारीशास्त्र आणि फौजदारी न्याय या विषयात एमए करायचं होतं. ते शिकवणारं विद्यापीठ दुसऱ्या राज्यात. मी घरात हे जाहीर केलं, तेव्हा मामा जेवत होता. त्याने विचारलं, "म्हणजे पोलीस होणार का वकील?" मी म्हटलं, दोन्ही नाही. "मग राहिलं काय? चोर?" असं म्हणून त्याने आणखी आमटी घेतली. आईला विषयापेक्षा त्याच्या नावाची काळजी. रविवारी विहारात बायका विचारतील, मुलगी काय करते, तर सांगायचं काय? बाबा सरकारी कचेरीत कारकून. कुठल्याही प्रश्नावर संबंधित खात्याचा अभिप्राय मागवल्याशिवाय ते निर्णय घेत नसत. ते म्हणाले, "आधी रायटर साहेबांना विचारू."

काकांनी अभ्यासक्रमाची छापील पानं मागून घेतली, चष्मा लावला आणि एकेका विषयावर बोट ठेवत वाचू लागले. 'गुन्ह्याची कारणमीमांसा' इथे त्यांचं बोट थांबलं.

"हे किती दिवस शिकवणार?"

"एक सत्रभर, काका."

"कारणाला एवढा वेळ? आम्ही एका ओळीत घालायचो. मागील भांडणाची कुरापत काढून. बस."

"पण मागचं भांडण कशावरून झालं होतं?"

काकांनी चष्मा काढला. मग बाबांकडे वळून म्हणाले, "पाठवा हिला. हा प्रश्न आम्हाला कुणी विचारायला लावला नाय." बाबांना अनुकूल अभिप्राय मिळाला, आणि माझा अर्ज मार्गी लागला.

अर्जाबरोबर एक निवेदन द्यायचं होतं. हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा. काकांनी 'तुमच्या शब्दांत' एवढं सोडून बाकीचं ऐकलं आणि हे काम स्वतःकडे घेतलं. "जन्मभर लोकांची निवेदनंच लिहिली की मी," म्हणाले. संध्याकाळी दोन फुलस्केप पानं घेऊन घरी आले आणि आम्हा सगळ्यांना बसवून त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"मी, कुमारी प्रज्ञा, धंदा शिक्षण, राहणार नाशिक रोड, समक्ष हजर राहून विचारलेवरून लिहून देते की, मी वरील ठिकाणी आई, वडील व लहान भाऊ यांचेसह एकत्रात राहण्यास असून वडिलांचे नोकरीवर आमचे कुटुंबाची उपजीविका चालते, त्यातच कॉलेजात असताना मला नमूद विषयाची आवड निर्माण झाली असून सदर आवडीस कोणीही फूस लावलेली नाही अगर धाकदपटशा दाखविलेला नाही, तरी सदर विद्यापीठाने मला प्रवेश दिल्यास माझी काही एक तक्रार नाही..."

भाऊ उठून स्वयंपाकघरात पळाला. बाबा मात्र गंभीरपणे ऐकत होते. त्यांना ते आवडलं होतं.

मी काकांना सरळच सांगितलं की हे देता येणार नाही. त्यांना माझं म्हणणं हवं आहे, आणि तेही इंग्रजीत. काकांनी पानांची घडी घातली. "मग तुझं वाच," म्हणाले. मी माझं निवेदन मराठी करून वाचलं. त्यात समाज होता, न्याय होता, तळमळ तर दोनदा होती. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "घटना काय घडली?"

"घटना काही नाही, काका. हे विचार आहेत."

"मग दखल कोण घेणार?" असं म्हणून ते चप्पल घालून निघून गेले. पुढे बरेच दिवस आमच्या दारावरून जाताना ते मान दुसरीकडे वळवायचे. लेखकाचं लेखन परत आलं होतं.

अर्जाची मुदत संपत आली होती, आणि मी अजून त्याच निवेदनाशी झगडत होते. अशाच एका दुपारी काकू, म्हणजे रायटर काकांच्या पत्नी, आमच्याकडे आल्या. काकूंना कधी घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चपलाही घातल्या नव्हत्या.

"प्रज्ञा, जरा चल गं. सकाळधरून खोलीत बसलेत. जेवाया नाय उठले. मोबाईलवर कुणी साहेब हाय म्हणतात. मला आत येऊ देईनात."

मी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. काका टेबलाशी ताठ बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. समोर पोह्यांच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवला होता, आणि पडद्यावर खाकी वर्दीतला एक माणूस, मागे कुठल्याशा कार्यालयाची पाटी. तो हिंदीत सांगत होता आणि काका लिहून घेत होते. स्वतःचाच कबुलीजबाब.

"साहेब, इथं 'सदर खाते' लिहू का 'नमूद खाते'?" काकांनी विचारलं.

"अरे, कुछ भी लिखो!" पडद्यातला माणूस खेकसला.

काकांचं अक्षर म्हणजे आखलेल्या रेषेसारखं. त्या कागदावरच्या ओळी मात्र खाली घसरत चालल्या होत्या. मी जवळ गेले, मोबाईल उचलला आणि बंद केला. काका ताडकन उभे राहिले.

"साहेबांचा फोन कापला तू?"

"काका, तो साहेब नाही. असं फोनवर कुणी अटक करत नाही. तुम्हाला माहिती आहे हे."

काका पुन्हा खाली बसले. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग इतक्या हळू बोलले की काकूंना दारातून ऐकू गेलं नसावं.

"माहिती होतं. पण कायदा बदलला ना आता. सगळी कलमं नवीन आली. माझ्या वेळचं एकबी राह्यलं नाय. म्हणलं, आसंल आता आसंबी."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी फोन आला, की तुमच्या आधार कार्डावर कुणीतरी खातं उघडलंय, त्यातून काळा पैसा फिरलाय, तुम्हाला घरातच अटक करण्यात येत आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, बायकोशी बोलायचं नाही. तपासणीसाठी म्हणून काकांनी निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग पाठवून दिला होता. तपास संपला की परत मिळणार होता. मी लगेच सायबर तक्रारीच्या मदतक्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या बाईने माहिती घेतली, काही रक्कम वाटेत अडवता येईल म्हणाली, पण ठाण्यात जाऊन लेखी तक्रार द्यावी लागेल.

लेखी तक्रार म्हणताच काकांनी भिंतीकडे तोंड केलं.

"मी नाय येणार."

"काका, वेळ गेला तर पैसे..."

"जाऊ दे पैसे. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं बसलीत ठिकठिकाणी. रायटरला गंडवला, असं सगळ्या जिल्ह्यात होईल."

इतका वेळ दारात उभ्या असलेल्या काकू तेव्हा आत आल्या. "तुम्ही नका येऊ," त्या म्हणाल्या. "मी जाते हिच्याबरोबर. पण मला तुमच्यासारखं लिहिता येत नाय. मी जे झालं ते सगळं सांगीन."

काका उठले आणि चप्पल शोधू लागले.

सायबर ठाण्यात एक तरुण पोलीस कॉम्प्युटरवर तक्रार टाईप करत होता. काका त्याच्या टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीवर बसले. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदाच. सुरुवातीला ते स्वतःला आवरू शकले नाहीत. पडद्याकडे मान लांबवून म्हणाले, "'फसवणूक केली' नुसतं नको. 'विश्वास संपादन करून' घाला आधी." त्या मुलाने निमूट घातलं. मग त्याने विचारलं, आणि विचारण्यात खोच नव्हती, "काका, तुम्ही तर खात्यातले. मग एवढा वेळ बसून कसे राहिलात?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या स्टेपलरकडे.

"भ्यालो."

मुलाचे हात कीबोर्डवर थांबले. "ते नाही लिहीत, काका."

"माहिती हाय," काका म्हणाले. "मी पण कधी नाय लिहिलं. किती बायांनी सांगितलं आसंल मला, साहेब लय भीती वाटली हो. मी म्हणायचो, ते राहू दे, दागिना कसला होता ते सांग."

मुलाने पाण्याची बाटली पुढे केली. काका घोटभर पाणी प्यायले आणि पुढचा सगळा जबाब त्यांनी मधे एकही शब्द न सुधारता दिला. शेवटी सही करताना वाचून बघा म्हटल्यावर म्हणाले, "बरोबर आसंल."

रिक्षातून येताना आम्हाला दोघींना ताकीद मिळाली. हा विषय घरात नाही, दारात नाही, पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीलाही कळता कामा नये. काकूंना तर त्यांनी शपथच घातली. मला म्हणाले, "तुझं ते निवेदन अजून राह्यलंय ना? त्याच्यात हे घाल. ते लोक लांबचे हायेत. पण नाव नाय टाकायचं."

मी त्या रात्रीऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं थंड झाल्यावर लिहायला बसले. समाज, न्याय आणि दोन्ही तळमळी काढून टाकल्या. एक माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या फिर्यादी लिहितो, आणि फिर्यादीत न मावलेली गोष्ट त्याला टेबलाच्या या बाजूला बसल्यावर सापडते, एवढंच लिहिलं. ती न मावलेली गोष्ट मला शिकायची आहे, असं शेवटी म्हटलं. पाठवण्याआधी काकांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

"नाव नाय ना?"

"नाही, काका."

"मग ठीक हाय." पुढे म्हणाले, "पण हा इसम फारच गरीब दिसतोय. जरा भारदस्त कर."

मी 'निवृत्त पोलीस कर्मचारी' याच्या आधी 'अनुभवी' हा शब्द घातला. त्यांचं समाधान झालं.

मुलाखत ऑनलाईन झाली. मी आमच्या हॉलमध्ये, बाबा दाराबाहेर पहाऱ्याला. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "या गृहस्थांना तुम्ही गुन्ह्याचे बळी म्हणाल की त्याच व्यवस्थेचा भाग?" मी म्हटलं, "दोन्ही. पण त्यांना विचाराल, तर ते म्हणतील की मी फक्त लिहून घेत होतो." बाई हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. महिन्याभरात प्रवेश मिळाल्याची मेल आली, आणि काकांनी कॉलनीभर पेढे वाटले. ते प्रत्येक दारात सांगत होते, "माझ्या मार्गदर्शनाखाली झालं." हे वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि ते कसं खरं होतं हे त्यांना सांगता येत नव्हतं.

निघायच्या दिवशी नाशिक रोड स्टेशनवर आईबाबांबरोबर तेही आले. आई रडत होती. काका माझ्या बॅगांभोवती फिरून त्यांचा रंग, चेन आणि एका कोपऱ्यावरचा ओरखडा पाठ करत होते. "गेली तर वर्णन देता आलं पाहिजे," म्हणाले. गाडी हलली तेव्हा ते माझ्याकडे न बघता बॅगेकडेच बघत होते.

पुढे मी सुट्टीत आले की त्यांच्याबद्दल नवीनच ऐकायला मिळे. काका आता रोज डबा घेऊन सायबर ठाण्यात जातात. अडकलेल्या पैशांपैकी थोडे परत आले होते, बाकीच्यांची आशा संपली होती, म्हणजे तक्रारीसाठी जाण्याचं कारण उरलं नव्हतं. कॉलनीत कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं: "खात्याला अनुभवी माणूस लागतो. साहेब लोक सल्ल्याला बोलावतात." लोक मागे हसायचे. नोकरी संपली तरी टेबल सुटत नाही, म्हणायचे. काकू वैतागायच्या. मी त्या तरुण पोलिसाला एकदा विचारलं, तर तो म्हणाला, "सल्ला कसला? बाहेर बाकड्यावर बसलेले असतात. आम्ही जा म्हटलं तरी जात नाहीत." मलाही वाटलं की सवयच ती, सुटत नसणार. पाठ्यपुस्तकात यालाही एक नाव होतं.

मी शेवटच्या सत्रात असताना काका गेले. झोपेतच. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, शेजारी पुण्याची मुलगी, भोवती कॉलनीतल्या बायका. येणारे लोक काकांच्या अक्षराबद्दल बोलत होते, आणि ते बरंच होतं, कारण त्यावर सगळ्यांचं एकमत होतं.

दुपारी एक वयस्कर जोडपं दारात आलं. कुणी ओळखीचं नव्हतं. गृहस्थ म्हणाले, "रायटर साहेब इथेच राहत होते ना? आम्ही गंगापूर रोडहून आलो. ठाण्यात कळलं."

"तुम्ही खात्यातले का?" काकूंनी विचारलं.

"नाही, मी शाळेत शिक्षक होतो." ते जरा अडखळले. त्यांनी बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली. "आम्हाला फोनवरून फसवलं होतं, अटक केली म्हणून. तक्रार द्यायला गेलो, पण मला आत जाववेना. बाहेर बाकड्यावर हे बसलेले. म्हणाले, गुरुजी, थांबा, आधी माझं ऐका. आणि त्यांनी स्वतःचं सगळं सांगितलं. कसं सकाळपासून ताठ बसलो, कसे पैसे पाठवले. आमच्यासारखे पुष्कळ जण त्यांनी असे आत पाठवले, असं नंतर कळलं."

पुण्याच्या मुलीने आईकडे बघितलं. तिला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. काकूंच्या चेहऱ्यावर मला काही दिसेना.

"आम्हाला घरात नावसुद्धा काढू दिलं नव्हतं," काकू म्हणाल्या.

"त्यांनी तर काहीच राखून ठेवलं नाही हो," ती बाई पहिल्यांदाच बोलली. "त्या चोराला त्यांनी विचारलं होतं म्हणे, साहेब, सकाळधरून बोलताय, चहा घेतलात का? घ्या, मी थांबतो. असं म्हणून पाच मिनिटं हात जोडून त्या मोबाईलसमोर बसून राहिले होते. ते ऐकलं आणि मला हसूच फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले मी. मग आमचे हे उठले आणि आम्ही आत गेलो."

चहाचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. काकूंनी पदर तोंडाला लावला, खांदे हलू लागले. त्यांना आता आवरायला हवं असं वाटून बायका जवळ सरकल्या, एकीने पाठीवर हात ठेवला.

काकू हसत होत्या.